वसतिगृहातील साने गुरुजी

जून उजाडला की जळकोट, देवणी, मुखेड, देगलूर या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडील औराद-भालकीच्या बाजूने मुले उदगीरला शिकावयास येतात. उदगीरची अनेक मुले त्याच सुमारास लातूरची वाट धरतात. कोणाला वसतिगृहात जागा मिळते, कोणी चौघांत मिळून खोली घेतो, कोणी मेसचा डबा लावतो. प्रवेशाची पावती, गुणपत्रिका, खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी यांची काळजी पालक मोठ्या तत्परतेने वाहतात. परंतु मुलगा रात्री किती तास झोपेल, तो तापाने फणफणला तर त्याच्या उशाशी कोण बसेल, चार दिवस तो धड जेवला नाही तर ते कोणाच्या ध्यानात येईल, हे प्रश्न कोणत्याही प्रवेशअर्जावर छापलेले नसतात. विद्या देणे हे शाळेचे काम आणि शरीर सांभाळणे हे घराचे काम, अशी एक वाटणी समाजाने मनोमन करून टाकली आहे. घर शंभर किलोमीटर दूर राहिले की या वाटणीतील दुसरा भाग कोणाकडेच उरत नाही.

ही वाटणी मान्य न करणारा एक तरुण शिक्षक शंभर वर्षांपूर्वी खानदेशातील अमळनेर येथे होऊन गेला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९५ वे अधिवेशन २०२२ साली उदगीरला भरले आणि ९७ वे २०२४ साली अमळनेरला. त्यामुळे या दोन गावांची नावे अलीकडे एका दमात घेतली जाऊ लागली आहेत. अमळनेरचे नाव निघाले की साने गुरुजींचे स्मरण अपरिहार्यपणे होते; पण ते बहुधा ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून, किंवा पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी प्राण पणाला लावणारे सत्याग्रही म्हणून. वसतिगृहाचे प्रमुख म्हणून त्यांनी जे केले त्याची आठवण गोष्टीरूपाने सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. वस्तुतः शिक्षकाच्या पेशाला त्यांनी दिलेली सर्वांत व्यवहार्य देणगी तीच होती.

उपाशी विद्यार्थी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरत चाललेले. कर्ज वाढत गेले, घरावर जप्तीची वेळ आली आणि एकेकाळी दुसऱ्यांना वाढणारे हात स्वतःच्या मुलांच्या पानात काय वाढावे या विवंचनेत पडले. आई यशोदाबाई यांनी त्या हलाखीतही मुलांच्या मनाची आणि शरीराची जी निगा राखली, तिचे चित्र मराठी वाचकाला पाठ आहे. त्या चित्राचा भावुक भाग तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आहे. पाण्याला भिणाऱ्या मुलाला काठी उगारून विहिरीवर पोहायला पाठवणारी, आणि तो परत आला की त्याच्या वळांकडे पाहून कळवळणारी आई त्याच पुस्तकात आहे. आजच्या शिक्षणशास्त्राला ती काठी मान्य होणार नाही आणि होऊही नये. परंतु नदी-विहिरींच्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला पोहता आलेच पाहिजे, ही त्या अल्पशिक्षित बाईची समजूत मात्र मुलाच्या सुरक्षिततेचा नेमका विचार करणारी होती.

प्राथमिक शिक्षण संपल्यावर पांडुरंग दापोलीला शिकावयास गेला. पुढे घरची परिस्थिती इतकी खालावली की औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय होते असे कळताच त्याने तिकडची वाट धरली. तेथे हाताने स्वयंपाक करून आणि पुष्कळदा अर्धपोटी राहून दिवस काढावे लागले. तशात प्लेगची साथ आली आणि औंध सोडावे लागले. मग पुणे आणि नूतन मराठी विद्यालय. तेथेही परक्या घरांचा आधार, उधार पुस्तके आणि रिकामे पोट यांची सोबत सुटली नाही. याच काळात, १९१७ साली, आई गेली. शिक्षणासाठी दूर राहिलेल्या या मुलाला तिची अखेरची भेटही झाली नाही. १९१८ साली तो मॅट्रिक झाला, १९२२ साली पदवीधर झाला आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाला.

हा तपशील येथे सांगण्याचे कारण आहे. गरिबीत शिकलेली माणसे महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यांतील अनेकांच्या मनात पुढे अशी एक समजूत घर करते, की आपण उपाशी राहून शिकलो तेव्हा आताच्या मुलांनीही थोडे सोसले तर काय बिघडले. सोसण्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र देणारी ही वृत्ती आजही शिक्षकांच्या खोलीत आणि घराच्या ओसरीवर ऐकू येते. पांडुरंगाने आपल्या सोसण्यातून याच्या अगदी उलट अर्थ काढला. भुकेल्या मुलाला शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थ पोहोचत नाही, आणि एकाकी मुलाला धडा समजला तरी जगण्याची उमेद राहत नाही, हे त्याने स्वतःच्या देहावर अनुभवले होते. आपल्या वाट्याला आले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, या एका निश्चयावर त्याच्या पुढील सहा वर्षांचे शिक्षकपण उभे राहिले.

झाडू हातात घेतलेला शिक्षक

१९२४ साली पांडुरंग साने अमळनेरच्या खानदेश शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. शाळेला जोडून वसतिगृह होते आणि खानदेशच्या खेडोपाडी वाढलेली मुले तेथे राहत असत. घरापासून प्रथमच दूर आलेली, आपापल्या सवयी घेऊन आलेली ही मुले. त्यांच्या खोल्या कशा असतील हे सांगावयास नको. या वसतिगृहाची जबाबदारी गुरुजींवर आली. वसतिगृहप्रमुख म्हणजे हजेरी घेणारा, दंड करणारा आणि दिवे मालवले की नाही ते पाहणारा अधिकारी, ही तेव्हाची रूढ कल्पना होती. आजही ती फारशी बदललेली नाही.

गुरुजींनी शिस्तीचा आरंभ हुकमाने केला नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्यांतून जात. केर काढीत, पसरलेली अंथरुणे गुंडाळून ठेवीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे आणि पुस्तके नीट लावीत. मळके कपडे दिसले तर धुऊन टाकीत, खरकटी भांडी घासून ठेवीत. याची कोठे वाच्यता होत नसे. मुले परत येत तेव्हा खोली लखलखीत असे. हे कोण करते ते कळल्यावर मुले ओशाळली आणि हळूहळू स्वतःच आपल्या खोल्या स्वच्छ ठेवू लागली. ही कथा आता सर्वश्रुत आहे. ती सांगताना गुरुजींच्या नम्रतेचे कौतुक होते. तिच्यातील शिक्षणाचा भाग मात्र नजरेआड होतो. स्वच्छतेवर व्याख्यान ऐकलेल्या मुलाला नियम कळतो. स्वच्छ खोलीत चार दिवस राहिलेल्या मुलाला स्वच्छतेची चटक लागते. आरोग्याची सवय अंगी बाणते ती अशीच.

दुसरी गोष्ट आजारपणाची. वसतिगृहातील मूल आजारी पडले की गुरुजी त्याच्या उशाशी बसत, त्याची शुश्रूषा करीत. त्या काळी खानदेशात हिवताप, विषमज्वर यांसारखे आजार नित्याचे होते, आणि आज सहज मिळणारी प्रभावी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. अशा वेळी रुग्णाला स्वच्छ अंथरूण, उकळलेले पाणी, वेळेवर पथ्याचे अन्न आणि जवळ कोणीतरी असल्याचा दिलासा, हाच उपचाराचा मोठा भाग असे. हा भाग पार पाडण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. आपल्या हवाली केलेले मूल कसे आहे याकडे लक्ष असावे लागते.

तिसरी गोष्ट मनाची. गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. मुलांना जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे आणि त्यांच्याच रोजच्या जीवनातील प्रसंग त्यात वाचावयास मिळत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही निघाले. वरवर पाहता हा वाङ्मयीन उपक्रम वाटतो. परंतु घर सोडून आलेल्या मुलाला दररोज सकाळी आपल्यासाठी कोणीतरी रात्री जागून काही लिहिले आहे हे दिसणे, ही त्याच्या एकटेपणावरची मोठी मात्रा होती. या वसतिगृहाच्या अनुभवातून त्यांनी पुढे ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी लिहिली. वसतिगृह आणि त्यातील मुले हा मोठ्या कादंबरीचा विषय होऊ शकतो असे त्या काळी फार थोड्यांना वाटले असते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला. पुढील आयुष्य तुरुंग, दौरे, शेतकऱ्यांच्या चळवळी, भूमिगत कार्य आणि लेखन यांत गेले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली; नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ लिहिली. मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवसांचे उपोषण करून त्यांनी विठ्ठलमंदिराचे दार उघडविले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि प्रांताप्रांतांतील माणसे एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावीत यासाठी आंतरभारतीचा विचार मांडला. शिक्षकाची नोकरी केवळ सहा वर्षांची. पण महाराष्ट्राने त्यांना अखेरपर्यंत गुरुजी याच नावाने हाक मारली.

काळजी वाहणाऱ्याची काळजी

या चरित्राचा शेवट सांगताना महाराष्ट्र नेहमीच अडखळतो. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतः आपले जीवन संपविले. गांधीजींच्या हत्येने ते मुळापासून हादरले होते. त्यानंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपवास केले. स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाने त्यांचे मन विटले होते. खिन्नतेचे झाकोळ तर त्यांच्या मनावर पूर्वीपासूनच वारंवार येत असे. त्यांच्या मृत्यूला कोणी आत्मार्पण म्हटले, कोणी त्यात राष्ट्राच्या अधःपतनाचा निषेध पाहिला. अशा उदात्त शब्दांनी एका साध्या सत्यावर पांघरूण पडते. हा माणूस आतून आजारी होता, आणि आजारी मुलाच्या उशाशी जसे ते बसले तसे त्यांच्या उशाशी पुरेसे कोणी बसले नाही. सुहृद पुष्कळ होते, त्यांच्यावर जीव टाकणारे तरुण शेकड्यांनी होते. परंतु मनाच्या आजाराला आजार म्हणून ओळखण्याची आणि त्यावर वेळीच उपाय करण्याची रीत त्या समाजाला ठाऊक नव्हती. संवेदनशीलता हा त्यांचा गुण मानला गेला, म्हणून तिच्या आड दडलेल्या वेदनेवर उपाय शोधावा असे कोणाला वाटले नाही.

पंचाहत्तर वर्षांनंतर ती रीत ठाऊक झाली आहे काय, हा प्रश्न आज प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावयास हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. परीक्षेतील अपयश हे एक कारण खरे. पण केवळ अपयशाने मूल मरत नाही. ते अपयश बोलून दाखवावयास कोणी नसते तेव्हा त्याचा भार असह्य होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी जे निर्देश दिले, त्यांत शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे सांगितले असून शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांनाही त्या निर्देशांच्या कक्षेत आणले आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिण्यास खडूपलीकडे काही खर्च नाही.

व्यक्तीचे प्रेम आणि संस्थेची व्यवस्था

गुरुजींच्या वसतिगृहाला एक मर्यादा होती आणि ती मान्य करण्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. ते सारे त्यांच्या एकट्याच्या जिव्हाळ्यावर उभे होते. ते गेले आणि मागे उरल्या त्या आठवणी. ज्या १९२४ साली गुरुजी अमळनेरला शिक्षक झाले, त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह काढले. त्याच्याही पूर्वी, १९०१ पासून, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभारली होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. म्हणजे त्यागात तेही घर मागे नव्हते. परंतु भाऊरावांनी त्या त्यागाला संस्थेचे रूप दिले. मुले स्वतः कमावतील, स्वतः शिजवतील आणि एक मूल बाहेर पडले की दुसरे त्याच्या जागी येईल, अशी घडी बसविली. १९५९ साली कर्मवीर गेले तरी रयतची वसतिगृहे चालू राहिली. गुरुजींचे लक्ष आणि कर्मवीरांची व्यवस्था, या दोहोंचा मेळ पडेल तेथेच मूल सुरक्षित राहील.

दुर्दैवाने आज या दोन्हींच्या ऐवजी रक्कम देऊन मोकळे होण्याकडे कल वाढत आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन-निवासासाठी पैसे देणारी स्वाधारसारखी योजना अत्यंत आवश्यक आहे, यात शंका नाही. तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण तगले आहे. परंतु बँकेत जमा झालेली रक्कम कोणाचा ताप पाहत नाही. जेथे वसतिगृहे आहेत तेथे गृहपाल हा प्रामुख्याने कागद सांभाळणारा कारकून होऊन बसला आहे. एकाच माणसाकडे साठा नोंदवही, हजेरी, देयके आणि शंभर मुलांचे पालकत्व सोपवल्यावर यांतील कोणत्या कामाला वेळ उरणार नाही, हे उघड आहे. शिक्षकांचीही तीच गत आहे. गुरुजींच्या गोष्टी सांगून शिक्षकाकडून त्यागाची अपेक्षा करणे सोपे असते. पण तो शिक्षक सर्वेक्षणे, माहितीपत्रके आणि निवडणुकीची कामे यांत बुडालेला असतो. काळजी वाहणाऱ्यालाही आधार लागतो, हा धडा गुरुजींच्या अखेरीने शिकवला आहे. तो शिक्षकाच्या बाबतीत विसरता कामा नये.

कायद्यांची उणीव नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा कायदा आहे. दुपारचा पोषण आहार आहे. शाळेत येऊन मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत. या सर्वांचा लाभ मुलापर्यंत पोहोचतो तो मात्र कोणीतरी मुलाकडे नीट पाहिले तरच. तपासणीत दृष्टिदोष आढळला पण चष्मा आला की नाही हे कोणी विचारले नाही, तर ती तपासणी कागदावरच राहते. येथे गुरुजींच्या काळापेक्षा पुढे जाण्याचीही गरज आहे. त्यांचे वसतिगृह मुलांचे होते. आज मुलीही तितक्याच संख्येने शिकत आहेत. वापरण्याजोगे स्वच्छतागृह, मासिक पाळीच्या दिवसांतील सोय, शाळेत जाण्या-येण्याचा निर्धोक रस्ता आणि तक्रार विश्वासाने सांगता येईल अशी शिक्षिका, या त्यांच्या गरजा अमळनेरच्या गोष्टींत सापडणार नाहीत. त्या नव्याने समजून घ्याव्या लागतील.

घराकडेही काही काम आहेच. गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आपल्या पुतणीला जी पत्रे लिहिली ती पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध झाली. दूर असलेल्या मुलीला मोठ्या माणसाने किती विषयांवर आणि किती बरोबरीच्या नात्याने लिहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. आज पत्राची गरज नाही. दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आहे. पण लातूरला राहणाऱ्या मुलाशी उदगीरहून होणारे संभाषण चाचणीत किती गुण पडले येथून सुरू होऊन तेथेच संपत असेल, तर त्या मुलाला आपण बोलावयाचे दुसरे काही आहे असे वाटेनासे होते. जेवलास काय, झोप झाली काय, सोबतचे कसे आहेत, हे प्रश्न आधी आणि गुणांचा प्रश्न शेवटी, एवढा क्रम जरी घरोघरी बदलला तरी पुष्कळ साधेल.

उदगीरसारख्या गावात हे अशक्य नाही. गाव मोठे झाले असले तरी माणसे अजून एकमेकांना ओळखतात. प्रत्येक शाळेत आणि महाविद्यालयात वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक पालक म्हणून नेमावा, त्याच्या कामातून तेवढा वेळ खरोखरच मोकळा करावा, आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांची यादी करून आठवड्यातून एकदा कोणीतरी त्या खोल्यांपर्यंत जावे. खोलीमालक, मेस चालवणाऱ्या बाई आणि गावातील डॉक्टर यांना या कामात सोबत घेता येईल. कारण डबा दोन दिवस भरलेला परत आला तर ते सर्वांत आधी मेसवाल्या बाईंनाच कळते. अशा व्यवस्थेला मोठे अनुदान लागत नाही. वर्षाच्या आरंभी वेळापत्रक आखताना इतर तासिकांबरोबर तिचीही नोंद झाली पाहिजे, कारण वेळापत्रकात ज्याला जागा नसते ते काम शाळेत होत नाही.